वाढवा

आमच्या घरात गुजराती बोलायची बंदी होती, आणि ती दिवसभर मोडली जायची. बंदी घालणारी आई, आणि सगळ्यांत आधी मोडणारीही आईच. भाजीवाली दारात आली की "शुं भाव?" तिच्या तोंडून निघून जायचं आणि मग ती आम्हा भावंडांकडे असं बघायची, जणू आम्हीच बोललो. तिचं म्हणणं साधं होतं. आपण गायकवाडांच्या पागेतली माणसं, आपल्या आजोबा-पणजोबांनी घोड्यावर बसून ही भाषा इथे आणली, ती आपल्या जिभेवरून घसरू द्यायची नाही. घोडे कधीच गेले होते. आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, वाट्याला सरकारी लाकडाच्या वखारीवरची जमादारी आली होती, आणि आम्ही प्रतापनगरच्या बाजूला त्या वखारीच्याच आवारात, कौलारू दोन खोल्यांत राहत होतो. सकाळी रेल्वेच्या कारखान्याचा भोंगा, त्यानंतर दिवसभर मोठ्या करवतीचा आवाज, आणि घरातल्या प्रत्येक वस्तूवर सागाचा भुसा. आई पिठाच्या डब्यावर ओलं फडकं टाकून ठेवायची, तरी भाकरीला साग लागायचाच. मला अजून ताज्या कापलेल्या सागाचा वास आला की भूक लागते.

शेजारी जसोदाबेन राहायच्या. त्यांचे यजमान वखारीत मोजणीला होते. त्या आमच्या ओट्यावर येऊन मेथी निवडायच्या, आईशी अर्धं गुजराती अर्धं मराठी बोलायच्या, आणि आमच्या घरातला सगळ्यांत मोठा विनोद त्यांच्यामुळेच झाला. ते लोक नवीन राहायला आले तेव्हाची गोष्ट. बोलता बोलता आई उठली आणि म्हणाली, "बसा हं, पोरांना वाढून येते." जसोदाबेनच्या हातातली मेथी खाली पडली. "हाय हाय, छोकरांने वाढी नाखशो?" गुजरातीत वाढणं म्हणजे कापणं. गवत वाढतात, ऊस वाढतात, बांबू वाढतात. आई ताट घेऊन पोरं कापायला निघाली आहे असं त्या बाईंना वाटलं. त्यानंतर कित्येक वर्षं आमच्याकडे पाहुणा जेवायला बसला की हा किस्सा सांगितला जायचा. आबा तर ताटावर बसल्यावर मान पुढे करायचे आणि आईला म्हणायचे, "हं, वाढा आता." आई पळीनं त्यांच्या खांद्यावर टोला द्यायची. इतक्या वेळा हसलो आम्ही त्या शब्दाला की तो आमच्या लेखी घरातलं मांजर होऊन गेला. त्याला नखं आहेत हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

आबांचे धाकटे भाऊ दत्तूकाका. त्यांनी लग्न केलं नाही. ते संस्थानच्या जंगलखात्यात सोनगढकडे रानात असायचे आणि दसरा, दिवाळी, होळी एवढ्यापुरते बडोद्याला यायचे. येताना मधाचा डबा, वाळलेली मोहाची फुलं, बांबूच्या कोंबांचं लोणचं आणि कपड्यांना धुराचा वास घेऊन यायचे. लाकूड त्यांच्या बाजूनं सुटायचं आणि आबांच्या बाजूला येऊन पडायचं. रेल्वेनं सुरतेवरून बडोद्याच्या स्टेशनात, तिथून बैलगाड्यांत वखारीत. आबा गंमतीनं म्हणायचे, "दत्ता मारतो, मी जाळतो." काकांना ते आवडत नसे. रान विकलं जातं म्हणून संस्थानच्या शाळा चालतात, हे त्यांना मान्य होतं. सागाची तोड ते स्वतः उभे राहून करून घ्यायचे. दरवर्षी रानाचा एक तुकडा तोडीला काढायचा, त्याला कूप म्हणत, ठेकेदार लिलावात तो घ्यायचा, तोड झाली की तुकडा पुन्हा उगवायला सोडायचा. काकांचं भांडण तोडीशी नव्हतं. त्यांचं भांडण होतं ते सगळं रान म्हणजे नुसता साग असं समजण्याशी. पोकळ झाड जंगलखात्याच्या हिशेबी मेलेलं झाड. जळाऊ. काका म्हणायचे, "सुलू, मला विचारशील तर तेच सगळ्यांत जिवंत. त्यात कोण कोण राहतं ते बघ."

सुलू म्हणजे मी. त्या वर्षी मी घुमटाच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला होते आणि वनस्पतिशास्त्र माझा विषय होता. हे मी जरा ताठ मानेनं लिहिते आहे, ते तसंच वाचावं. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि चढलं ते मुलगा नव्हे, मुलगी. महाराजांनी मुलींना शिकवायचा हुकूम काढला तो वखारीच्या जमादाराच्या घरापर्यंत खरोखर पोचला. दांडिया बाजारातल्या आमच्या नात्यातल्या बायका आईला विचारायच्या की आता हिला नवरा कोण देणार. आई सांगायची, "तिला झाडांची नावं लॅटिनमध्ये येतात. नवऱ्याचं नाव काय, एकच तर पाठ करायचं."

त्या दिवाळीत काका आले ते निराळ्याच उत्साहात. आम्ही सगळे पंगतीला बसलो होतो, आई वाढत होती, आणि काका घास हातात धरून बोलत होते. त्यांच्या हद्दीतला एक मोठा कूप त्या वर्षी तोडीला जाणार होता, आणि त्याच्या मधोमध एक नाळ होती, म्हणजे खोल ओढा. उन्हाळ्यात आसपासच्या रानाला तेवढंच पाणी. दोन्ही काठांवर उंबर, बेहडे, जुने पोकळ वृक्ष, त्यांवर आग्या मोहळं, शेकरांची घरटी, आणि धनेशांची जोडपी. धनेश म्हणजे तो मोठ्या वाकड्या चोचीचा पक्षी. त्याच्याविषयी काका बोलू लागले की आई भाताची परात घेऊन तशीच उभी राहायची. मादी ढोलीत जाऊन बसते, चिखलानं आणि स्वतःच्या शिटेनं दार लिंपून घेते, फक्त चोचीपुरती फट ठेवते. आत गेल्यावर अंगावरची उडायची पिसं गाळून टाकते. पिल्लं मोठी होईपर्यंत नर बाहेरून उंबरं आणून त्या फटीतून भरवतो. "म्हणजे तिनं नवऱ्यावर किती भरवसा टाकायचा," आई म्हणाली. आबा म्हणाले, "तू टाकलास तेवढा."

काकांनी जंगलखात्याच्या मोठ्या साहेबांना त्या नाळेत स्वतः चालवत नेलं होतं. उंबर किती पाखरं खातात आणि त्यांच्या विष्ठेतून किती लांब उंबर रुजतात, हे माझ्याकडून समजून घेतलेलं त्यांनी साहेबांना ऐकवलं होतं. साहेब रानात चालून आलेले होते, नुसते खुर्चीतले नव्हते. त्यांनी कबूल केलं की नाळेच्या दोन्ही काठांची आणि ढोल्यांची झाडं ठेकेदारानं सोडायची. मात्र खूण दत्तूनं करावी. अडचण अशी की खात्याचा हातोड्याचा छाप तोडायच्या झाडांवर मारायचा असे, सोडायच्या झाडांना काही खूणच नव्हती. नुसता चुन्याचा पट्टा ओढला तर तो हद्दीचा समजतात. म्हणून काकांनी चुन्यात डिंक कालवून प्रत्येक झाडाच्या बुंध्यावर, छातीच्या उंचीला, मोठ्या बालबोध अक्षरांत शब्दच लिहिला होता. ठेकेदाराचा मुकादम बालबोध वाचणारा होता, तो तोडणाऱ्यांना सांगेल.

"काय लिहिलंत भाऊजी?" आईनं विचारलं.

"'सोडा' लिहिणार होतो, वहिनी. पण सोडा म्हणजे काय, उपकार केल्यासारखं. म्हटलं, सरळ लिहायचं. वाढवा."

आईला तो शब्द फार आवडला. स्वच्छ मराठी, ती म्हणाली, आणि काकांच्या ताटात आणखी भात वाढला. मी तिथेच होते, आबा होते. दाराशी जसोदाबेन फराळाचं ताट घेऊन आल्या होत्या आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलंही, "शुं वाढो छो?" आम्ही नेहमीप्रमाणे हसलो. आजही मला ती पंगत दिसते तेव्हा वाटतं, कुणीतरी, कुणी एकानं तरी, घास खाली ठेवायला हवा होता.

शिवरात्रीनंतर काकांना हिवताप धरला. रानातल्या माणसाला तो चुकत नाही, पण या वेळी तो हाडांत शिरला. दवाखान्यातून त्यांना दोघांनी धरून गाडीत बसवलं आणि ते आमच्याकडे आले ते डोळे खोल गेलेले, कान क्विनीननं बधिर झालेले. होळीला ते अंथरुणातच होते. चैत्र लागला तसे उठून ओट्यावर बसू लागले. माझी परीक्षा तोंडावर होती. मी ओट्यावरच वाचत बसायची आणि काका अधूनमधून म्हणायचे, आता मादी आत बसली असेल. आता अंडी असतील. आता नर फेऱ्या मारत असेल. खालच्या नाळेतल्या एका बेहड्याची ढोली त्यांच्या विशेष ओळखीची होती, तिथे वर्षानुवर्षं तेच जोडपं यायचं असं ते सांगत.

त्या दिवशी दुपारची जेवणं व्हायची होती. स्टेशनाकडून जळाऊ लाकडाच्या गाड्या आल्या. बैलांच्या घुंगरांचा आवाज आला तसे काका उठले, म्हणाले, चल, माझ्या रानाचं काय आलंय बघू. मी त्यांना हात दिला. ऊन कडक होतं. पहिली गाडी उलटी करून ओंडके खाली ओतत होते, आणि त्यातला एक गडगडत आमच्या पायांशी येऊन थांबला. त्यावर पांढरं काहीतरी होतं. मला आधी वाटलं, पक्ष्यांची घाण. मग ते अक्षर झालं. 'ढ'. पुढचा ओंडका पडला, त्यावर 'ढवा'. एकावर नुसतं 'वा' उरलं होतं, कुणी शाबासकी दिल्यासारखं. मी काकांकडे बघितलं नाही. बघायचं धैर्य झालं नाही. गाड्या रिकाम्या होत गेल्या आणि आवारभर तो शब्द तुकड्या-तुकड्यांनी पसरत गेला. आबा वखारीच्या दारातून बाहेर आले आणि तिथेच उभे राहिले.

मालाबरोबर ठेकेदाराचा मुकादम आला होता, छगन नावाचा. पान खाऊन, खांद्यावर उपरणं टाकून, अगदी निवांत. काकांना बघून त्यानं हात जोडले, तब्येत विचारली. काकांनी ओंडक्यावरच्या अक्षराकडे बोट केलं.

"छगन, ही झाडं कुणी तोडली?"

"अमे, साहेब. तमारा कह्या प्रमाणे." त्याला प्रश्नच कळेना. "तमे ज तो लखेलुं. वाढवां."

मग त्यानं अभिमानानं सांगितलं, त्याचं गुजराती मला अजून शब्दन् शब्द आठवतं पण मी मराठीत लिहिते. बाकीच्या झाडांवर नुसता छाप होता. पण या झाडांवर साहेबांनी जातीनं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं, म्हणजे घाईचं काम असणार, म्हणून त्यानं माणसांना आधी तीच झाडं घ्यायला लावली. गुजरातीत 'कापायची' या अर्थी त्या शब्दावर एक टिंब लागतं, काकांनी ते दिलेलं नव्हतं. पण रानात टिंब कोण बघतो? तो खरंच चुकला होता की चुकणं त्याच्या मालकाला सोयीचं होतं, हे मला त्या दिवशी कळलं नाही आणि आजही सांगता येणार नाही. त्याचा चेहरा मात्र बक्षीस मागणाऱ्याचा होता.

काका त्याच्यावर ओरडले नाहीत. ते ओंडक्यांमधून चालू लागले, वाकून एकेक बघत. शेवटच्या गाडीजवळ ते थांबले आणि गुडघ्यांवर बसले. बेहड्याचा जाड ओंडका होता, त्याच्या कुशीत ढोलीचं तोंड, आणि ते तोंड लिंपलेलं. मध्ये उभी फट, वालाच्या शेंगेएवढी. त्या फटीत एक उंबर अडकून सुकलं होतं.

आबांनी पटाशी आणली. तो लेप दगडासारखा झाला होता, तुकडे उडत होते. मी वही-पुस्तकांत पाहिलेलं सगळं मला त्या क्षणी आठवत होतं, आणि काही उपयोगाचं नव्हतं. लेप सुटला तसा वास आला आणि आबा मागे सरले. मादी आत होती. चोच फटीकडे. पिसं तिच्याखाली अंथरल्यासारखी, तिनंच गाळलेली, लांब, काळपट करडी, टोकांना पांढरी. पोटाखाली अंडी फुटून चिकटली होती. झाड पडलं, कापलं गेलं, रेल्वेत चढलं, आणि ती आत होती. उडायची सोय तिनं स्वतःच काढून टाकलेली.

गलका ऐकून आलेल्या जसोदाबेन पदर तोंडाला लावून परत फिरल्या. छगननं पान थुंकलं. काकांनी आपलं उपरणं तिथल्या पाण्याच्या पिंपात बुडवलं आणि जवळच्या ओंडक्यावरचा चुना पुसायला लागले. डिंक घातलेला, तो निघेना. मग नखांनी खरवडायला लागले. आबांनी त्यांचे दोन्ही हात धरले. "दत्ता. दत्ता, पुरे."

मला सुचलं ते कसं सुचलं ठाऊक नाही. मी छगनला विचारलं की सगळी नाळ झाली का. तो म्हणाला, नाही, खालची झाली. वरच्या अंगाला उद्यापरवा हात घालतील, माणसं तिथेच आहेत. वरच्या अंगालाही तोच शब्द लिहिलेला होता.

काका उठून स्टेशनाकडे निघाले आणि आवाराच्या फाटकापाशीच खाली बसले. पाय चालेनात. आबांना लिहिता येत होतं ते मोडीत. मी परीक्षेची वही ओट्यावर टाकली आणि तशीच तारऑफिसात गेले, पायांत चपला नव्हत्या हे तिथे गेल्यावर लक्षात आलं. तार मी इंग्रजीत लिहिली, साहेबांच्या नावे. नाळेतली तोड ताबडतोब थांबवा, खुणेचा अर्थ उलटा लावला गेला आहे, आणि खाली काकांचं नाव. तारबाबूनं विचारलं, कुणी लिहून दिलं? मी म्हटलं, मी लिहिलं आहे, तुम्ही पाठवा. आमच्या घराला माझ्या शिक्षणाचा झालेला पहिला उपयोग तो. दोन भाषांनी मिळून जे घालवलं त्यातलं उरलेलं तिसरीनं धरून ठेवलं. तार वेळेवर पोचली. साहेबांनी घोड्यावरून माणूस पाठवला, आणि वरच्या नाळेतली कुऱ्हाड थांबली. हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. त्या दिवशी काहीच ठाऊक नव्हतं.

दिवस मावळायच्या आधी आईनं पानं मांडली. दुपारचं कुणीच जेवलं नव्हतं. वरणाचा वास सुटला होता. आबा बसले, काकांना हाताला धरून बसवलं, मी बसले. आई भाताचं पातेलं घेऊन काकांपाशी वाकली आणि आयुष्यभराच्या सवयीनं म्हणाली, "भाऊजी, वाढू?"

आईच्या हातातली पळी तशीच राहिली. मग तिनं पातेलं जमिनीवर ठेवलं, भिंतीकडे तोंड करून बसली, आणि मी माझ्या आईला रडताना पहिल्यांदा बघितलं. काकाच शेवटी उठले आणि त्यांनी सगळ्यांना आपल्या हातानं भात घातला. आईलाही.

साहेबांनी काकांना नोकरीतून काढलं नाही, पण जे बोलायचं ते बोलले. ठेकेदाराला काही करता आलं नाही, त्याच्याकडे काकांच्याच हातचा शब्द होता. पुढच्या कुपाच्या वेळी मी परीक्षा पास झालेली होते, आणि नवीन शब्द मी द्यावा म्हणून आबा माझ्या मागे लागले होते. दोन्हीकडे एकच अर्थ असलेला शब्द मला सापडलाही असता. काकांनी नको म्हटलं. त्यांनी निराळी रीत काढली. सोडायच्या प्रत्येक झाडापाशी मुकादमाला घेऊन जायचं, त्याचाच हात चुन्यात बुडवायचा आणि त्याचाच पंजा झाडावर उमटवून घ्यायचा, सगळ्या तोडणाऱ्यांच्या देखत. छगन कुरकुरला की चुन्यानं माझा हात सोलवटतो आहे. काका म्हणाले, सोलवटू दे. आता म्हणू नकोस की वाचता आलं नाही. ही रीत त्या रानात बरीच वर्षं चालली असं मला पुढे तिकडच्या एका माणसाकडून कळलं. वरच्या नाळेत धनेश राहिले. खालच्या नाळेचं काकांनी एकदाच सांगितलं. तोड झाल्यावर बरेच दिवस तो नर बेहड्याच्या उरलेल्या बुंध्यावर येऊन बसत असे, चोचीत उंबर धरून. तिथल्या बायकांनी बघितला होता. हे सांगून ते ओट्यावरून उठून गेले आणि पुन्हा तो विषय त्यांच्यापाशी कुणी काढला नाही.

जसोदाबेनचा किस्सा आमच्या घरात त्यानंतर कधी सांगितला गेला नाही. आईनं वाढणं सोडलं, म्हणजे शब्द सोडला. ती "घालू का" म्हणायची, "देऊ का" म्हणायची, आणि तिचं बघून आम्हीही. आता माझी नातसून गुजराती आहे, अलकापुरीतल्या घरची, हुशार पोर. माझ्यासाठी मुद्दाम मराठी शिकली. जेवणाच्या वेळी ताटासमोर उभी राहून अगदी नीट उच्चार करून विचारते, "आजी, वाढू का?" मी ताट पुढे करते आणि म्हणते, "घाल." तिला वाटतं, बडोद्यात जन्म काढून म्हातारीचं मराठी बिघडलं आहे. परवा तिनं मला हळूच सुधारलंसुद्धा. मी म्हटलं, बरोबर आहे तुझं, आणि पुन्हा म्हटलं, "घाल."